अनुदान सोडून द्यायचं म्हणतायत, गावचं वाचनालय कसं टिकवू?

ग्रंथपाल_कोरेगाव:

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. शासनमान्य, ‘अ’ ते ‘ड’ या प्रतवारीतलं ‘क’ वर्गाचं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण भांडण कुणाशी करायचं नाहीये, मला सल्ला हवाय.

गेल्या रविवारी कार्यकारी मंडळाची बैठक झाली. त्यात एका सदस्यांनी विषय मांडला की शासनाचं अनुदान आता सोडून द्यावं. वाचनालयाचा हॉल आणि मागची खोली एका खासगी अभ्यासिकेला पाच वर्षांच्या करारानं भाड्यानं द्यावी. अभ्यासिकावाले प्रत्येक मुलाकडून महिन्याला 600 रुपये घेणार आणि संस्थेला ठरलेलं भाडं देणार. पुस्तकांची कपाटं व्हरांड्यात हलवायची, ‘ज्याला पायजे तो नेईल’. बैठकीत चौघांनी माना डोलावल्या. दोघं गप्प बसले. मी ग्रंथपाल, म्हणजे पगारी माणूस, मला मत नाही.

त्यांची कारणं अगदीच खोटी नाहीत. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता कधी हातात पडेल हे कुणी सांगू शकत नाही. ग्रामपंचायत पूर्वी दरवर्षी थोडी मदत करायची, वीजबिल भरायची. तीन वर्षांपूर्वी ते थांबलं. ठराव झाला नाही, पत्र आलं नाही, नुसतं थांबलं. विचारलं की ‘या वर्षी तरतूद न्हाई’ एवढंच उत्तर. वर लेखापरीक्षण, वार्षिक अहवाल, तपासणी. सदस्य म्हणतात, दीड लाखासाठी एवढी कागदं कशाला रंगवायची?

आता त्या दीड लाखाचा हिशेब सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं वाचनालयांना सरकार पोत्यानं पैसे देतं. ‘क’ वर्गाच्या गावपातळीवरच्या वाचनालयाला 2012 नंतर वर्षाला 96,000 रुपये होते. पुढची वाढ व्हायला 2022 उजाडलं. तेव्हा 60 टक्के वाढ होऊन 1,53,600 झाले. त्यातले निम्मे पगारावर, म्हणजे 76,800. महिन्याला 6,400, तेही दोघांत. मी आणि आमचे शिपाईकाका. पाव हिस्सा पुस्तकांना, 38,400. हल्ली बरी कादंबरी 350 च्या खाली मिळत नाही, म्हणजे सगळं धरून वर्षाला शंभर-सव्वाशे पुस्तकं. उरलेल्या पावात वर्तमानपत्रं, वीज, लेखापरीक्षकाची फी, कपाटाला वाळवीचं औषध.

येतं कोण, तेही सांगते. सकाळी पेपर वाचायला म्हातारी माणसं आणि पोलीस भरतीची पोरं एकाच बाकावर बसतात. पोरं जाहिराती उतरवून घेतात. संध्याकाळी बायका येतात, त्यातल्या बऱ्याच जणी दिवसभर आल्याच्या नाहीतर घेवड्याच्या रानात खुरपून आलेल्या असतात. एक बाई आहेत, सातवी झालेल्या. पावसाळ्यात त्या युरियाच्या पोत्यातला आतला प्लास्टिकचा कागद धुऊन, वाळवून त्यात पुस्तक गुंडाळून आणतात. इतक्या वर्षांत त्यांनी परत केलेल्या एकाही पुस्तकाचं पान ओलं झालेलं मी पाहिलेलं नाही. त्यांची वर्गणी महिन्याला दहा रुपये. त्या बाई व्हरांड्यातल्या कपाटातून, अभ्यासिकेच्या पोरांच्या गर्दीतून वाट काढत पुस्तक न्यायला येतील का? मला नाही वाटत.

प्रश्न सरळ आहेत. अनुदान एकदा सोडलं तर परत मिळतं का? ग्रामपंचायतीकडे मागायचा काही हक्क आहे की नुसती विनवणीच करायची? आणि ‘आता वाचतंय कोण’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? बैठक पुन्हा पंधरवड्यानं आहे.

---

अमोल_वाठार:

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजूही मांडतो. मी तुमच्याच तालुक्यातला. आमच्या भागातली एक दोन वाचनालयं मी लहानपणापासून बघतोय, फलक आहे आणि कुलूप आहे. 2012 मध्ये राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली ती उगाच झाली नव्हती. कागदावर पुस्तकं, कागदावर वाचक, अनुदान मात्र खरं, असे प्रकार होते. अशांना पैसा देण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत दुरुस्त केलेलं बरं.

आणि अभ्यासिका ही खरी गरज आहे. मी स्वतः पुण्यात सदाशिव पेठेत दोन वर्षं काढली. कॉट बेसिस, मेस, अभ्यासिका, वडिलांनी बैल विकला त्यासाठी. गावात बसायला जागा असती तर निदान पहिलं वर्ष घरी निघालं असतं. गावातल्या पोरांना ती जागा मिळत असेल तर तुम्ही विरोध का करताय?

---

ग्रंथपाल_कोरेगाव:

अमोलदादा, राग नाही. तुमच्या वडिलांच्या बैलाचं वाचून वाईट वाटलं.

पण दोन गोष्टी ऐका. खोटी वाचनालयं होती, मान्य. ती बंद करायलाच हवी होती. पण पडताळणीनंतर झालं काय? नवीन मान्यता थांबली आणि दर्जाबदल थांबला, तोही वर्षानुवर्षं. ज्यांच्याकडे पुस्तकं वाढली, वाचक वाढले, ती वाचनालयंही ‘क’ ची ‘ब’ होऊ शकली नाहीत. कुलूपवाल्यांचा दंड उघड्या वाचनालयांनी भरला. माझी देवघेवीची नोंदवही कुणीही येऊन बघावी. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, सही. सही येत नसेल तिथं अंगठा. होय, अंगठा उठवणाऱ्याही दोघी आहेत, त्या नातवंडांसाठी चित्रांची पुस्तकं नेतात.

दुसरं, मी अभ्यासिकेला विरोध करत नाही. मागची खोली पोरांना द्यायला मी कधीची तयार आहे, वाचनालयाचे सभासद म्हणून. महिन्याच्या 600 रुपयांना विरोध करतेय. ज्याच्या बापाकडे विकायला बैल नाही त्यानं काय करायचं? पोलीस भरतीची जी पोरं आत्ता बाकावर बसतात, त्यांतली निम्मी 600 रुपये देऊ शकणार नाहीत. आज त्यांना कुणी उठवत नाही, कारण जागा सगळ्यांची आहे आणि ती सगळ्यांची आहे कारण ती सगळ्यांच्या पैशावर चालते.

---

निवृत्त_शिक्षक_सातारा:

ताईंचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. माझी सगळी नोकरी रयत शिक्षण संस्थेत गेली, त्यामुळे अनुदान थांबणं म्हणजे काय हे आमच्याकडे गोष्टीसारखं सांगितलं जातं. पण ती गोष्ट नाही, घडलेलं आहे.

कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 1919 साली कराड तालुक्यातल्या काले इथं संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. वेगवेगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. पैसा नव्हताच. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीवहिनींनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातलं हे साताऱ्यात कुणालाही विचारा. गावोगाव मुष्टिफंड होता, बाया दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि ते वसतिगृहात यायचं. पोरं खडी फोडायची, शेतात राबायची आणि शिकायची.

आता मुद्द्याचं. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या काळात अण्णांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारची खप्पामर्जी झाली आणि संस्थेचं अनुदान बंद करण्यात आलं. बाळासाहेब खेर तेव्हा मुख्यमंत्री. शाळा तर एव्हाना खेडोपाडी उघडल्या होत्या, शिक्षकांचे पगार द्यायचे कुठून? लोकांनी मदत केली, माणसं पाठीशी उभी राहिली, गाडगेबाबांसारख्या माणसानं खेरांपाशी शब्द टाकला. पुढं अनुदान सुरू झालं.

हे एवढं लांबण लावून का सांगतोय? कारण या गोष्टीतून लोक नेमकं उलटं शिकतात. ‘बघा, अण्णांनी अनुदानाशिवाय संस्था चालवून दाखवली, तुम्ही का रडता?’ हे मी सभांमध्ये ऐकलंय. ज्यांच्या ब्रीदातच स्वावलंबी शिक्षण आहे त्या माणसानं ‘नको तुमचं अनुदान’ असं म्हटलं नाही. मुष्टिफंडही घेतला आणि सरकारकडचं मागणंही सोडलं नाही. वहिनींचे दागिने एकदाच मोडता येतात. दरवर्षी पोरं येतात, त्यांना दरवर्षी पैसा लागतो, आणि असा दरवर्षीचा पैसा कुणा एका उदार माणसाच्या मर्जीवर ठेवायचा नसतो.

तुमच्याकडं तर अनुदान बंदही झालेलं नाही, उशिरा येतंय. ते आपल्या हातानं सोडू नका. सरकारला बंद करायचं असेल तर ते कारण लिहून बंद करू दे, आपण त्याचे कष्ट वाचवू नयेत.

---

पलूसकर:

मी सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. आमच्या गावच्या वाचनालयाचा चिटणीस होतो. 2019 च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, त्यावरून आमच्याकडं काय झालं असेल ते ओळखा. तळमजला पूर्ण पाण्यात. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर उघडेना, आत पुस्तकं फुगून कपाटांची फळकुटं वाकली होती आणि कपाटच दाराला टेकलं होतं. भिजलेलं पुस्तक दोन दिवसांत बुरशी धरतं. पोरांनी अंगणात दोऱ्या बांधून पानं वाळवली, पण गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

सांगायचं ते हे की दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती वही, माळ्यावर होती म्हणून वाचली. त्या वहीमुळे काय गेलं, कितीचं गेलं हे कागदावर दाखवता आलं. लेखापरीक्षण झालेलं होतं, मान्यता होती, म्हणून मदत मागायला दारं तरी होती. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची पुस्तकं राज्याच्या ग्रंथालय खात्यामार्फत येतात, तीही मान्यताप्राप्त वाचनालयालाच. तुमचे सदस्य ज्याला कागदं रंगवणं म्हणतात, त्या कागदांवरच संस्था पुराच्या दुसऱ्या दिवशी उभी राहते.

परत मिळेल का, असं विचारलंय. ताई, तुम्हीच लिहिलंत की नवीन मान्यता वर्षानुवर्षं थांबल्या होत्या. मग आज सोडून उद्या नव्यानं मागायला गेलात तर रांगेत शेवटी उभ्या राहाल, रांग सुरू असली तर. सदस्यांना हाच एक प्रश्न विचारा.

आणखी एक. आमच्याकडं पूर आल्यावर मुंबई-पुण्याहून देणगीची पुस्तकं आली. मनापासून पाठवलेली होती, पण त्यात दहावीची जुनी गाईडं आणि इंग्रजी मासिकांचे गठ्ठे. आमच्या वाचकांना काय हवं ते आम्हाला ठाऊक होतं, पण देणगीत निवड देणाऱ्याची असते. अनुदानाच्या त्या पाव हिश्श्यात, तुमच्या 38,400 मध्ये, निवड तुमची असते.

---

हिशेबनीस_सांगली:

सार्वजनिक न्यासांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. भावना बाजूला ठेवून कामाचं सांगतो.

तुमचं वाचनालय बहुधा संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950, दोन्हींखाली नोंदलेलं असणार. इमारत संस्थेच्या मालकीची असेल तर कलम 36 बघा. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. पाच वर्षांचा करार बैठकीत माना डोलावून होत नाही. ही गोष्ट इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्या. अकरा-अकरा महिन्यांचे करार करून पळवाट काढतील, तेव्हा संस्थेच्या घटनेतलं उद्दिष्टांचं कलमही काढून ठेवा.

ग्रामपंचायतीबद्दल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत ग्रामपंचायतीच्या कामांची यादी आहे, तीत वाचनालयं आहेत. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही. पण ‘पैसे द्या’ असा मोघम अर्ज देऊ नका, तो फायलीत राहतो. केंद्राकडून ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या आयोगाच्या काळात, 2021 ते 2026, त्यात 60 टक्के बंधित होते, पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेले 40 टक्के अबंधित. अबंधितातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नाही, पण गावानं ठरवलेलं काम करता येतं. छपराची दुरुस्ती, मागच्या खोलीत अभ्यासाची टेबलं, पुस्तकांची कपाटं, असं ठोस काम अंदाजपत्रकासह ग्रामपंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ या विकास आराखड्यात घालायला सांगा. आणि ते ग्रामसभेत मांडा, मासिक सभेत नाही. मासिक सभेत सदस्य असतात, ग्रामसभेत तुमच्या खुरपणाऱ्या बायका असतात. वीजबिलाची मागणी वेगळी ठेवा, ती ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून.

जाता जाता एक, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. देशातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्या शेजारी झाला, कोल्हापूर संस्थानात, 1945 साली. त्यानंतर 1948 च्या मद्रासच्या कायद्यानं मालमत्ता करावर ग्रंथालय कर बसवला, म्हणजे वाचनालयांचा पैसा ठरलेल्या वाटेनं येऊ लागला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा, त्यात असा कर नाही. आपल्याकडची वाचनालयं दरवर्षीच्या अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर जगतात. म्हणून कुणी ‘बंद’ म्हणायची गरजच पडत नाही. दहा वर्षं आकडा वाढवला नाही, हप्ता चार महिने लांबवला, की गावातलेच लोक कंटाळून ‘सोडून देऊ’ म्हणतात. तुमच्या बैठकीत तेच झालंय.

---

अमोल_वाठार:

हे कलम 36 माहीत नव्हतं. ताई, मागची खोली सभासद म्हणून पोरांना देणार असाल तर माझा विरोध नाही. उलट टेबलांच्या खर्चात आम्ही तीन-चार मित्र हातभार लावू, आधी पुण्यात होतो ते सगळे. पण रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला कोण थांबणार हे ठरवा, अभ्यास रात्रीच होतो.

---

ग्रंथपाल_कोरेगाव:

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. सर, 1948 ची हकिगत मला अर्धवट माहीत होती. तुमचा शेवटचा परिच्छेद मी वहीत उतरवून घेतलाय, बैठकीत वाचून दाखवणार आहे.

काल संध्याकाळी बायकांना विचारलं की ग्रामसभेला याल का. एकीनं विचारलं, ‘आमी बोलायचं का नुसतं बसायचं?’ मी म्हटलं, बोलायचं. त्या युरियाच्या कागदवाल्या बाई म्हणाल्या, ‘मला भाषण येत न्हाई, पर कुठली पुस्तकं वाचली ती सांगते.’ त्यांच्या खात्यावर किती पुस्तकं आहेत ते काढून देतेय, सरपंचांसमोर तेच बोलेल.

शिपाईकाकांनी रात्री दहापर्यंत थांबायची तयारी दाखवलीय, पण मी ते फुकट करून घेणार नाही. आधीच त्यांच्या वाट्याला महिन्याला 2,400 येतात. अमोलदादा, टेबलांपेक्षा त्यांच्या रात्रीच्या कामाचा काहीतरी मोबदला तुमचे मित्र वर्षभर उचलू शकतील का ते बघा, तोही संस्थेच्या पावतीनं, रोख हातात नको. आणि ही सोय अनुदानाच्या जोडीला असेल, बदली नाही, हे पावतीपुस्तक काढतानाच मी सगळ्यांना सांगणार आहे.

हिशेबनीस दादा, एक विनंती. ग्रामसभेपुढं ठेवायच्या ठरावाचा मसुदा मी केलाय: मागच्या खोलीची दुरुस्ती, सहा टेबलं, दोन कपाटं, आणि स्वनिधीतून वीजबिल. अंदाजपत्रक गावातल्या सुताराकडून चालेल की ग्रामपंचायतीच्या अभियंत्याचंच लागतं? आणि पाच वर्षांच्या कराराला हरकत घेणारं पत्र मी ग्रंथपाल म्हणून देऊ शकते का, की एखाद्या सभासदानंच द्यायला हवं? जे दोघं गप्प बसले होते त्यातले एक काल येऊन गेले, सही करतो म्हणाले.